वैद्याला झालेली लागण : नोंदीतली आणि नोंदीबाहेरची

बिलोली हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव मराठवाड्याच्या पूर्व कडेला वसलेले आहे. मांजरा नदी याच मुलखातून वाहत जाऊन पुढे कंदकुर्तीपाशी गोदावरीस मिळते आणि नदी ओलांडली म्हणजे बोधन, निजामाबाद ही तेलंगणातील गावे लागतात. १९४८ पर्यंत हा सर्व प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला व १९६० पासून महाराष्ट्रात आहे. अशा सीमेवरील गावच्या दवाखान्यात एकाच सकाळी मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा कानी पडाव्यात, यात नवल नाही. रोग पसरू लागला म्हणजे मराठी बोलणारा ‘साथ आली’ असे म्हणतो, तेलुगू बोलणारा ‘अंटुव्याधी’ म्हणतो आणि उर्दू बोलणाऱ्या वृद्धाच्या तोंडी अजूनही ‘वबा’ हा शब्द येतो. यांपैकी ‘अंटु’ या तेलुगू शब्दाचा अर्थ शिवणे, चिकटणे असा आहे. मराठीतील ‘लागण’ हा शब्दही ‘लागणे’ या क्रियापदापासून, म्हणजे स्पर्शाच्याच कल्पनेतून निघाला. ‘साथ’ या शब्दाचा संबंध तांडा या अर्थाच्या संस्कृत ‘सार्थ’ शब्दाशी लावतात. सोबत आणि रोगराई यांना एकच नाव देणारी ही मराठीची रीत विचार करावयास लावणारी आहे. ‘वबा’ या अरबी शब्दात मात्र स्पर्शाची कल्पना नाही. जुन्या अरबी वैद्यकग्रंथांत वबेचे कारण म्हणून दूषित झालेली हवा सांगितलेली असे. रोग शिवल्याने होतो की श्वासाने होतो, हा प्रश्न अशा रीतीने या तीन शब्दांतच उभा राहिलेला आहे. आणि रोग्याजवळ बसून त्याला तपासणाऱ्या माणसाच्या दृष्टीने यापेक्षा महत्त्वाचा दुसरा प्रश्न नाही.

श्वसनमार्गाने पसरणाऱ्या साथींत वैद्यांना, डॉक्टरांना कोणता धोका पोचला आणि त्याची नोंद इतिहासात कशी राहिली, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. साधने पाहू गेल्यास एक गोष्ट लवकर ध्यानात येते. मोठ्या शहरातील महाविद्यालयीन रुग्णालयात डॉक्टर दगावला म्हणजे त्याच्या मृत्यूतून शास्त्राला काही तरी कळते, त्याचे नाव ग्रंथात राहते. तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना चालविणारा दगावला म्हणजे तो एकूण मृतांच्या आकड्यात मिसळून जातो. हा भेद केवळ कीर्तीचा असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. धोका नेमका कोठे आहे, याविषयीच्या शास्त्रीय आणि शासकीय समजुती याच भेदावर उभ्या राहिल्या, म्हणून तो तपासावयाचा.

रोग्याच्या सहवासाने रोग होतो, ही जाण भारतीय वैद्यकाला नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात कुष्ठाच्या प्रकरणात, एका माणसापासून दुसऱ्याकडे जाणाऱ्या रोगांच्या वाटा सांगताना अंगाचा स्पर्श, सहभोजन, एकत्र शय्या यांच्या जोडीने निःश्वासाचाही उल्लेख आहे. अशा रोगांना तेथे ‘औपसर्गिक’ म्हटले आहे. ‘उपसर्ग’ हा व्याकरणातील शब्द ज्यांच्या रोजच्या वापरात आहे त्यांना हे नाव मोठे अन्वर्थक वाटेल : धातूच्या अगदी पुढ्यात जाऊन बसणारे आणि त्याचा अर्थ पालटून टाकणारे अक्षर. पण निःश्वासाने रोग जातो हे जाणूनही नाडीपरीक्षा करणारा वैद्य वा हकीम रोग्यापासून हातभर अंतरावरच बसत आला. तपासणीची रीतच तशी आहे. रेने लेनेक या फ्रेंच डॉक्टराने १८१६ मध्ये स्टेथोस्कोप शोधून रोग्याच्या छातीला कान लावण्याची गरज नाहीशी केली आणि वैद्य-रोगी यांच्यांत वीतभर अंतर निर्माण केले. त्या अंतराने त्याचे स्वतःचे रक्षण मात्र झाले नाही. क्षयरोग्यांच्या छाती ऐकण्यात आयुष्य घालविलेला लेनेक १८२६ मध्ये क्षयानेच वारला.

साथीच्या काळात डॉक्टरांच्या मृत्यूने शास्त्राला धडा दिल्याचे आपल्याकडील ठळक उदाहरण मुंबईच्या प्लेगचे होय. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी रोग ओळखला. मांडीतील वा काखेतील गाठ हे त्याचे लक्षण सर्वांच्या डोळ्यांपुढे होते आणि गाठ नाही तर प्लेग नाही, अशी समजूत रूढ होऊ पाहत होती. १८९७ च्या आरंभी ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्राध्यापक व जमशेदजी जीजीभाई रुग्णालयातील वैद्य सर्जन-मेजर मॅन्सर आजारी पडले. त्यांना गाठ नव्हती. ताप आणि फुप्फुसाचा दाह होता. ते दगावले आणि परिचारिका जॉइस यादेखील त्याच प्रकारच्या रोगाने दगावल्या. याच संस्थेतील चाइल्ड यांनी अशा रोग्यांच्या फुप्फुसांत व थुंकीत प्लेगचे जंतू दाखविले आणि गाठीवाचूनचा, खोकल्यावाटे पसरणारा प्लेग असतो, हे १८९७ मध्येच इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात मांडले. म्हणजे फुप्फुसप्लेगाचे ज्ञान शास्त्राला झाले त्यात एका प्राध्यापकाच्या आणि एका परिचारिकेच्या प्राणांचे मोल आहे. ज्या दवाखान्यांत शवचिकित्सेची खोली नव्हती, सूक्ष्मदर्शक नव्हता, तेथे असा खोकला ऐकत बसलेल्या वैद्यांचे मरण ‘ताप येऊन वारले’ एवढ्यावरच संपणार होते.

याच मुंबईच्या जंतूंनी पुढील वर्षी व्हिएन्ना गाठली. १८९७ मध्ये ऑस्ट्रियातून मुंबईस आलेल्या प्लेग-संशोधकांच्या मंडळात हेर्मान म्युलर हे तरुण डॉक्टर होते. मुंबईत असंख्य रोगी तपासूनही ते सुखरूप परतले. ऑक्टोबर १८९८ मध्ये व्हिएन्नातील प्रयोगशाळेत प्लेगाच्या जंतूंवर काम चालू असता बारिश नावाचा तेथील नोकर आजारी पडला. म्युलर यांनी त्याची शुश्रूषा केली आणि काही दिवसांतच बारिश, म्युलर व एक परिचारिका असे तिघेही फुप्फुसप्लेगाने गेले. पुढे १९१० च्या अखेरीस मांचुरियात फुप्फुसप्लेगाची साथ आली. वू लिएन-तेह या मलायात जन्मलेल्या चिनी डॉक्टरांनी हा रोग श्वासावाटे पसरतो असे ठामपणे सांगितले व कापसाची घडी घातलेल्या जाळीच्या कापडाचा मुखपट वापरण्याचा आग्रह धरला. मेस्नी या अनुभवी फ्रेंच डॉक्टरांना हे मत पटले नाही. ते मुखपट न लावता रोगी पाहावयास गेले आणि जानेवारी १९११ मध्ये प्लेगानेच वारले. त्यानंतर मात्र हार्बिनमध्ये मुखपट सर्वमान्य झाला. एका डॉक्टराच्या युक्तिवादाने जे साधले नाही ते दुसऱ्याच्या मृत्यूने साधले, असे म्हणणे क्रूर वाटेल. पण घटनांचा क्रम तसा आहे.

आता बिलोलीकडे वळावयाचे. मुंबईच्या प्लेगातून ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम जन्मास आला. तो अवघ्या चार कलमांचा होता आणि ब्रिटिश हिंदुस्थानासाठी होता. निजामाचे राज्य त्याच्या कक्षेबाहेरचे होते. यात आश्चर्य काही नाही. आश्चर्य वाटावे ते पुढील इतिहासाचे. संविधानाच्या आरंभी हैदराबाद हे ‘भाग ब’ वर्गातील राज्य होते. पुनर्रचनेनंतर साथरोग अधिनियमाच्या पहिल्याच कलमात त्याची व्याप्ती सांगताना, १ नोव्हेंबर १९५६ च्या लगतपूर्वी भाग ब राज्यांत असलेला प्रदेश वगळून संपूर्ण भारत, असे शब्द राहिले. म्हणजे केंद्रीय अधिनियमाच्या अक्षरशः वाचनाप्रमाणे मुंबई, पुणे, सातारा हे जिल्हे आत येत. नांदेड, परभणी, बिलोली, देगलूर हा मुलूख वगळलेल्या प्रदेशात मोडे. राज्यांनी आपापल्या अधिकारात स्वतंत्र विस्तार करून जी व्यवस्था केली असेल ती निराळी. मूळ कलमातील शब्द मात्र सहा दशकांहून अधिक काळ तसेच होते. २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने ते गाळले गेले. त्याच अध्यादेशाने आरोग्यसेवकांवरील हल्ले हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा ठरविला. डॉक्टरांच्या रक्षणाचा विचार या कायद्यात प्रथम शिरला आणि जुन्या हैदराबादी मुलखाचा अपवाद त्यातून निघाला, या दोन गोष्टी एकाच दिवशीच्या आहेत.

मध्यंतरीच्या काळातील सर्वांत भयंकर साथ १९१८ च्या इन्फ्लुएन्झाची. महाराष्ट्रातील जुन्या माणसांच्या तोंडी तिचे नाव ‘मानमोडी’ असे होते. तज्ज्ञांच्या परिभाषेतून न येता दुखण्याच्या अनुभवातून आलेले हे नाव आहे. जून १९१८ मध्ये मुंबईच्या पोलिस रुग्णालयात सात शिपाई तापाने दाखल झाले, त्यांत गोदीवर नेमलेला एक होता. सप्टेंबरात दुसरी, अधिक मारक लाट आली आणि ६ ऑक्टोबर रोजी एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. महायुद्धामुळे डॉक्टर सैन्याबरोबर परदेशी गेलेले, परिचारिकांची वाण, आणि रोगाचे खरे कारण कोणालाच ठाऊक नाही, अशी स्थिती होती. फायफरने १८९२ मध्ये सांगितलेला जंतूच याला कारण, असे बहुतेक धरून चालत होते. इन्फ्लुएन्झाचा विषाणू हाती आला तो १९३३ मध्ये. नारायण मल्हार जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्था आणि निरनिराळ्या जातिसमाजांची मंडळे औषधे घेऊन चाळीचाळींतून हिंडली. दाराशी येणाऱ्या या माणसांना रोगापासून जपण्याचे साधन असे काहीच नव्हते.

हैदराबाद संस्थानात ही साथ यावयास उशीर लागण्याचे कारण नव्हते. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यातून मनमाड ते सिकंदराबाद हा लोहमार्ग झालेला होता आणि तो नांदेड, धर्माबाद, निजामाबाद असा बिलोलीच्या जवळून जातो. १९११ च्या जनगणनेत संस्थानाची लोकसंख्या १,३३,७४,६७६ होती. १९२१ मध्ये ती १,२४,७१,७७० भरली. दहा वर्षांत वाढ होण्याऐवजी नऊ लाखांची घट झाली. ही सर्व घट इन्फ्लुएन्झाच्या माथी मारता येणार नाही. त्याच दशकात प्लेग होता आणि १९१८ चे अवर्षणही होते. परंतु तिचा मोठा वाटा मानमोडीचा होता याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. जनगणनेच्या अशा रकान्यांत वय, धर्म, स्त्री-पुरुष हे भेद असतात. कोण कोणाच्या उशाशी बसून वारला, हा भेद जनगणनेत नसतो. रोग्याची नाडी पाहणारा हकीम, काढा देणारा वैद्य, सुईण, सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर हे सारे त्या नऊ लाखांच्या घटीत कोठे तरी आहेत.

धोका कोणाला, याचे उत्तर रोगाच्या स्वभावावरही अवलंबून असते; आणि येथे शंभर वर्षांच्या अंतराने हाती आलेले ज्ञान उपयोगी पडते. २००३ मध्ये सार्स या नावाने ओळखल्या गेलेल्या साथीत जगभर ८,०९६ रोगी नोंदले गेले, त्यांपैकी १,७०६ म्हणजे शेकडा २१ आरोग्यसेवक होते. ती साथ प्रथम ओळखणारे इटालियन डॉक्टर कार्लो उर्बानी हेही तिच्यातच, २९ मार्च २००३ रोजी वारले. सार्सच्या रोग्यात विषाणूंचे प्रमाण दुखण्याच्या दुसऱ्या आठवड्याकडे शिगेस पोचत असे. तोवर रोगी रुग्णालयात दाखल झालेला असे. म्हणून धोका रुग्णालयात एकवटला. मोठ्या रुग्णालयातील डॉक्टर-परिचारिका हेच आघाडीवरचे, ही समजूत त्या अनुभवाने दृढ केली. २०२० मध्ये आलेल्या कोविडचा स्वभाव याच्या उलट होता. यात विषाणूंचे प्रमाण लक्षणे दिसू लागण्याच्या सुमारासच सर्वाधिक असते आणि लक्षणे दिसण्याच्या एकदोन दिवस आधीही रोग दुसऱ्याला देता येतो. घसा खवखवतो, कणकण वाटते, म्हणून माणूस कोठे जातो? जिल्ह्याच्या अतिदक्षता विभागात तो जात नाही. आपल्या गल्लीतील वा बाजारपेठेतील दवाखान्यात जातो. बिलोलीसारख्या गावी नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही पुढची, रोग बळावल्यानंतरची पायरी. तेथे पोचेतो रोगी पुष्कळदा सर्वाधिक संसर्गक्षम अवस्था ओलांडून गेलेला असतो, आणि ज्याने त्याला प्रथम आ करावयास लावून घसा पाहिला त्याच्या वाट्याला ती अवस्था आलेली असते.

दवाखान्याची रचनाही ध्यानात घ्यावी लागते. दहा-बारा फुटांची खोली, पडद्याआड तपासणीचे बाक, एक खिडकी, बाहेर बाकड्यावर दाटीने बसलेली माणसे. श्वासातून निघणारे कण दोन प्रकारचे, असे वैद्यकाची पाठ्यपुस्तके दीर्घकाळ सांगत आली : मोठे तुषार दोन हातांवर खाली पडतात, सूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात, आणि यांची सीमा पाच मायक्रॉनची. कोविड तुषारांनी पसरतो, हवेतून नव्हे, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्ये जाहीरपणे सांगितले. त्या समजुतीचा परिणाम साधनांच्या वाटपावर झाला. साधा शस्त्रक्रियेचा मुखपट तुषार अडवितो. गालाशी फट न ठेवता घट्ट बसणारा एन-९५ मुखपट ०.३ मायक्रॉन आकाराच्या कणांपैकी शेकडा ९५ तरी गाळतो. श्वासनलिकेत नळी घालणाऱ्यांना आणि अतिदक्षता विभागाला दुसऱ्या प्रकारचा मुखपट आवश्यक मानला गेला. बाह्यरुग्ण तपासणाऱ्याला पहिला पुरेसा मानला गेला. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी एकत्रितपणे या मताला हरकत घेतली. बंद खोलीत, वारा खेळत नसता, अर्धा दिवस घालविणाऱ्याला तरंगत्या कणांचा धोका आहे, हे हळूहळू मान्य झाले. एप्रिल २०२४ मध्ये संघटनेने तुषार व सूक्ष्म कण ही जुनी विभागणीच सोडून ‘श्वसनावाटे निघणारे संसर्गक्षम कण’ अशी एकच संज्ञा स्वीकारली. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला याचे विशेष वाटणार नाही : अखंड असलेल्या वस्तूवर भाषा सोयीसाठी रेघ मारते आणि पुढे ती रेघ वस्तूतच आहे असे मानले जाते. रंगांच्या नावांत यामुळे फारसे बिघडत नाही. येथे त्या रेघेवरून कोणी कोणता मुखपट लावावयाचा हे ठरत होते. ‘वबा’ म्हणणाऱ्या वृद्धाचा शब्द, त्यामागील जुने कारण चुकीचे असूनही, ‘लागण’ या शब्दापेक्षा वस्तुस्थितीच्या जवळ होता.

मराठी प्रशासनाचीही अशीच एक गंमत सांगता येईल, जरी ती गंमत म्हणण्याजोगी नव्हती. रोग्याला वेगळे ठेवणे आणि रोग झालेला नसून संशयिताला वेगळे ठेवणे, या दोन भिन्न कल्पना आहेत. पहिलीस विलगीकरण आणि दुसरीस अलगीकरण, असे शब्द सुचविले गेले. व्यवहारात दोन्हींसाठी ‘विलगीकरण’ हाच शब्द फिरू लागला आणि लोकांनी शेवटी ‘क्वारंटाइन’ हे सरळ उचलले. खासगी दवाखाना चालविणारा डॉक्टर ‘विलगीकरणात’ आहे असे म्हटले म्हणजे तो आजारी आहे की केवळ रोग्याच्या संपर्कात आलेला आहे, हे त्या शब्दावरून कळत नसे. नोंदींच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

नोंदींचा प्रश्न संसदेतही आला. सप्टेंबर २०२० मध्ये आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने मृत आरोग्यसेवकांची माहिती केंद्राच्या पातळीवर ठेवली जात नाही, असे उत्तर देण्यात आले. त्यावर इंडियन मेडिकल असोसिएशनने ३८२ मृत डॉक्टरांची यादी प्रसिद्ध केली. त्यांत सर्वांत लहान २७ वर्षांचा व सर्वांत वृद्ध ८५ वर्षांचा होता. २ फेब्रुवारी २०२१ रोजी राज्यसभेत शासनाने आकडा दिला तो १६२ डॉक्टर, १०७ परिचारिका व ४४ आशा कार्यकर्त्या असा होता. असोसिएशनने लगेच आपला आकडा ७३४ असल्याचे सांगितले आणि त्यांपैकी ४३१ हे सामान्य व्यवसाय करणारे, रोगी प्रथम ज्यांच्याकडे जातो असे डॉक्टर असल्याचे नमूद केले. दोन आकड्यांतील तफावतीची चर्चा पुष्कळ झाली. अधिक बोलका आहे तो दुसऱ्या आकड्याच्या पोटातील हा ४३१ चा भाग. दहांपैकी जवळजवळ सहा मृत्यू ‘पहिल्या पायरीवरचे’ होते. विषाणूच्या स्वभावावरून जे अनुमान निघते त्याच्याशी हे जुळते. असे डॉक्टर संख्येनेच अधिक, बरेचसे वयस्कही, हे मान्य करावे लागेल; तरीही मोठ्या रुग्णालयांवर खिळलेल्या नजरेला हा आकडा दिसावयास हवा होता.

तथापि असोसिएशनची यादीही पूर्ण धरता येत नाही. ती आधुनिक वैद्यकाच्या पदवीधरांची संघटना आहे. मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी आणि त्याहून लहान गावी दवाखाना चालविणाऱ्यांत आयुर्वेदाचे व होमिओपथीचे पदवीधर मोठ्या संख्येने आहेत. रात्री दार वाजले असता उठणारे पुष्कळदा तेच असतात. त्यांची गणना या यादीत व्हावयाची नव्हती. दुसऱ्या लाटेतील ७९८ डॉक्टरांची जी यादी जून २०२१ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली तीत दिल्लीचे १२८ व बिहारचे ११५ होते आणि महाराष्ट्राचा आकडा त्यांच्या मानाने पुष्कळ लहान होता. मार्च २०२१ च्या अखेरीस देशातील सर्वाधिक सक्रिय रुग्णांच्या दहा जिल्ह्यांत आठ महाराष्ट्रातील होते आणि नांदेड त्यांत होता, हे लक्षात घेता, असे आकडे शाखांकडून जसे कळविले गेले तसे आलेले असावेत, असे समजणे अधिक सयुक्तिक ठरेल. आरोग्यसेवकांचे लसीकरण १६ जानेवारी २०२१ पासून सुरू झाले होते, हाही एक विचार आहे; पण लस तर दिल्ली-बिहारमध्येही तेव्हाच मिळू लागली होती. जगाच्या पातळीवरही अशीच अंधूक स्थिती आहे : जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात ८०,००० ते १,८०,००० आरोग्यसेवक दगावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. खालची मर्यादा आणि वरची मर्यादा यांत एक लाख माणसांचे अंतर आहे.

हे सारे गणतीपुरतेच राहिले असते तर तो संख्याशास्त्राचा विषय झाला असता. २६ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने आरोग्यसेवकांसाठी ५० लाख रुपयांच्या विम्याची योजना जाहीर केली आणि तेव्हापासून एका शब्दाला विलक्षण महत्त्व आले. योजनेत शासकीय सेवक होतेच. खासगी डॉक्टरांपैकी मात्र कोविडच्या कामासाठी ज्यांची सेवा शासनाने ‘रिक्विझिशन’ केली असेल त्यांनाच ती लागू होती. या शब्दाला मराठीत ‘अधिग्रहण’ म्हणतात. निवडणुकीसाठी मोटारी अधिग्रहित होतात, छावणीसाठी शाळेची इमारत अधिग्रहित होते. माणसाची सेवा अधिग्रहित होते म्हणजे नेमके काय होते? त्याच्या नावाचा हुकूम निघावा लागतो, की सर्वांना उद्देशून काढलेली सूचना पुरते? मुंबईत ६ मे २०२० रोजी ५५ वर्षांखालील खासगी डॉक्टरांना पंधरा दिवस कोविड रुग्णालयांत काम करण्याचा आदेश निघाला; तेथे संदिग्धता थोडी. स्वतःच्या दवाखान्यात बसून राहणाऱ्याचे काय, हा प्रश्न नवी मुंबईतून न्यायालयापुढे गेला.

महानगरपालिकेने ३१ मार्च २०२० रोजी सूचना काढून दवाखाना उघडा ठेवण्यास एका खासगी डॉक्टरांना सांगितले होते आणि न ठेवल्यास दंडसंहितेच्या कलम १८८ खाली कारवाईचा इशारा दिला होता. ते जून २०२० मध्ये कोविडने वारले. पत्नीने विम्याची मागणी केली. दवाखाना उघडा ठेवण्याची सूचना म्हणजे कोविडच्या कामासाठी केलेले अधिग्रहण नव्हे, असे मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठरविले. केवळ शब्दार्थाने पाहता त्या निर्णयात विसंगती दाखविणे कठीण आहे. पण ज्या वाक्याच्या शेवटी शिक्षेची धमकी असते ते वाक्य, त्याचे रूप सूचनेचे असले तरी, कार्याने आज्ञा असते. भाषाव्यवहाराचा अभ्यास करणाऱ्यांत याविषयी मतभेद असण्याचे कारण नाही. शिवाय ताप-खोकल्याचा कोणता रोगी कोविडचा आणि कोणता नव्हे, हे त्या वसंत-ग्रीष्मात दवाखान्याच्या दारात कोणास ओळखता येत होते? उघडा ठेवलेला दवाखाना हे आपोआपच कोविडचे काम होते. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. साथरोग अधिनियमाचा अवलंब, १४ मार्च २०२० चे महाराष्ट्राचे कोविड विनियम आणि महानगरपालिकेचा तो आदेश, हे सर्व एकत्र वाचता डॉक्टरांच्या सेवा अधिग्रहित झाल्या होत्या, असे न्यायालयाने म्हटले; त्या परिस्थितीत प्रत्येकाच्या नावाचे स्वतंत्र पत्र निघण्याची अपेक्षा ठेवता येत नाही, असा त्याचा आशय आहे. १८९७ च्या त्या चार कलमी अधिनियमाला, ज्याच्या मूळ कक्षेत बिलोली नव्हती, असा अर्थ सव्वाशे वर्षांनी मिळाला.

निर्णयाचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. मृत डॉक्टर कोविडसंबंधी काम करीत असताना बाधित झाला, हे विश्वसनीय पुराव्याने दाखविण्याचे ओझे मागणी करणाऱ्याकडेच राहते. शासकीय महाविद्यालयातील डॉक्टरांच्या बाबतीत हजेरीपत्रक असते, पाळीचा तक्ता असतो, कक्षाची नोंद असते. तालुक्याच्या गावच्या दवाखान्यात काय असते? एक लांबट वही, जीत तारखेखाली रोग्याचे नाव, गाव आणि घेतलेले पैसे. गोळ्यांच्या पुड्यांवर लिहिलेल्या खुणा. औषधविक्रेत्याकडे गेलेल्या चिठ्ठ्या. रोगाचे निदान त्या वहीत पुष्कळदा लिहिलेले नसते, फारतर ‘ताप’ एवढा शब्द असतो. दवाखाना बंद झाला म्हणजे जागेच्या मालकाला खोली रिकामी करून द्यावी लागते आणि जुन्या वह्या रद्दीत जातात. एप्रिल ते जून २०२० आणि मार्च ते मे २०२१ या महिन्यांतील अशा वह्या बिलोली, देगलूर, मुखेड, धर्माबाद या गावांतून आज ज्यांच्या घरी शिल्लक असतील, त्यांच्यापाशी न्यायालयाला लागणारा पुरावा आणि इतिहासाला लागणारे साधन, दोन्ही एकाच बांधणीत आहेत.